माशांना प्रोबायोटिक: पुडी कधी कामाला येते?

देहूरोडहून वडगाव मावळकडे निघालं की इंद्रायणी भाताची खाचरं लागतात. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड हे रोहू-कटल्याचं जुनंच खाद्य. फिशमील महाग, म्हणून आता सोयापेंडही वापरतात. पण सोया नीट भाजलेलं नसेल तर त्यातले घटक पचन अडवतात. प्रोबायोटिक, म्हणजे बॅसिलससारखे उपयोगी जिवाणू, पचनाला मदत करतात आणि आतड्यात रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत.

१ एप्रिल २०२५पासून एफएसएसएआयने मत्स्यपालनातल्या अँटिबायोटिकांवरचे नियम आणखी कडक केलेत. त्यामुळे आजार आधीच रोखणं महत्त्वाचं. मासे मरायला लागल्यावर पुडी टाकून उपयोग नाही. ते औषध नव्हे. तेव्हा आधी पाण्यातला ऑक्सिजन तपासा.