जुन्या इंजिनांचा डाव

रविवारी दुपारी मी घरच्या संगणकावर दोन जुनी बुद्धिबळ इंजिनं एकमेकांशी लावून देतो आणि चहा घेत बघत बसतो. भाचा हसतो. "मामू, माझ्या मोबाइलमधलं स्टॉकफिश दोघांनाही लोळवेल." लोळवेलच. पण स्टॉकफिशची खेळी मला कळत नाही. जुन्या क्राफ्टीची कळते, चुकीसकट.

या जुन्या इंजिनांना ठरावीक खेळ्यांपलीकडचं दिसत नाही. उंट जाणार असं दिसलं की ती मध्येच एखादं प्यादं फुकट देतात. संकट चार खेळ्या पुढे सरकतं, नजरेआड होतं, त्यांना वाटतं टळलं. मग प्यादंही जातं, उंटही. (उर्दूत या उंटाला फील, म्हणजे हत्ती म्हणतात, वर्गात यावरून रोज गोंधळ!) वही "घरी राहिली" म्हणणारं पोरगं हेच करतं.

1995 मध्ये हाँगकाँगच्या जागतिक संगणक स्पर्धेत साध्या पेंटियमवरच्या फ्रिट्झने आयबीएमच्या डीप ब्लूच्या नमुन्याला हरवलं. त्याच डीप ब्लूने 1997 मध्ये कास्पारोव्हला हरवलं. तो फ्रिट्झचा डाव मी जालन्यात बसून अजून लावतो.

आज पोरं पटाशेजारचा आकडा बघतात आणि खेळी चूक ठरवतात. का चूक, हे विचारत नाहीत. म्हणून मी वर्गात आकडा झाकतो, जुना डाव लावतो आणि विचारतो, प्यादं कशाला दिलं? परवा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "घाबरलं, सर."