दाराबाहेरचा दर

३० जानेवारी १९४९ पासून नागपूरचं सोनेगाव विमानतळ मध्यरात्री जागं राहू लागलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं रात्री इथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. १९७३ पर्यंत चाललेल्या या सेवेत थैलीचा मार्ग आणि तिचं शुल्क दोन्ही आधीच ठरलेलं असे. विमानातून उतरलेल्या माणसाला मात्र पुढच्या सात-आठ किलोमीटरची इतकी खात्री कुणीच दिली नाही.

परक्या गावात उतरलेला प्रवासी भाव करताना नेहमीच पडत्या बाजूला असतो. हातात सामान, वाट अनोळखी आणि घाई त्याचीच. हे दीडशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांनाही कळलं होतं. नागपुरात १८६४ साली नगरपालिका आली आणि १८६७ साली रेल्वे. पुढे १८७९ च्या ‘हॅकनी कॅरेज’ कायद्याने भाड्याच्या घोडागाड्यांसाठी नियम करण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. गाडीचा परवाना, भाड्याची मर्यादा, गाडीच्या आत लावायचं दरपत्रक, हे सारं त्यात आलं. भाड्यावरून वाद झाला आणि दंडाधिकारी कामकाजावर असतील, तर त्याच गाडीतून कचेरीत न्यायला प्रवासी गाडीवानाला सांगू शकत असे. कायदा परक्या सरकारचा होता. पण दर कुणी ठरवला आणि दाद कुठे मागायची, हे त्यात स्पष्ट होतं.

आज विमानतळावरून टॅक्सी मागवली जाते ती अ‍ॅपवर. या अ‍ॅपने प्रवाशाला मोठा आधार दिला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. रात्री अकराला उतरलेली मुलगी गाडीचा नंबर बघते, ओटीपी सांगते आणि प्रवासाची लिंक यवतमाळला वडिलांना पाठवते. गाडीत बसण्याआधी भाडं कळतं. वर्धा रोडवर उभं राहून घासाघीस करण्याची वेळ तिच्यावर येत नाही. हे सुख आता कुणी परत घेऊ नये.

मात्र, तो आकडा कसा ठरला, हे ना तिला ठाऊक असतं, ना चालकाला. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, विमानं भरून येतात आणि भाडं चढतं. त्या वाढीतलं आपल्या हाती किती पडणार, याचा अंदाज चालकाला येत नाही. मग बुकिंग होताच फोन येतो, ‘‘भाऊ, ड्रॉप कुठला? कॅश की ऑनलाइन?’’ उत्तर पटलं नाही की राइड रद्द. प्रवासी चालकावर चिडतो, चालक प्रवाशावर. हिशेब मांडणारा तिसरा समोर कधी येतच नाही.

कायदा मात्र इथवर पोचला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अ‍ॅप कंपन्यांसाठी परवान्याची तरतूद आली. जुलै २०२५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गर्दीच्या वेळचं भाडं मूळ दराच्या दुपटीपर्यंतच जाऊ शकतं. कारणाशिवाय राइड रद्द करणाऱ्याला भाड्याच्या दहा टक्के, पण शंभर रुपयांच्या आतच दंड. आणि स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा. अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. कागदावरच्या या मर्यादा उतरणाऱ्या प्रवाशाला दिसत नसतील, तर त्यांचा उपयोग काय?

म्हणून सोनेगावच्याच, आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या विमानतळाच्या आगमनदाराबाहेर मराठीत ठळक फलक हवा: मूळ दर किती, जास्तीत जास्त किती, तक्रार कुठे. प्रत्येक बिलावर चालकाचा वाटा छापलेला हवा. तक्रारीचा निकाल नागपूरच्या आरटीओत, ठरलेल्या मुदतीत लागावा. आणि प्रवाशाला दुसरा पर्यायही हवा. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो धावू लागली, तिचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे. टर्मिनलच्या दारापासून तिथवर प्रत्येक विमानाच्या वेळेला जोडून बस असलीच पाहिजे. हातात दुसरा मार्ग असलेल्या प्रवाशालाच पहिल्या दराला नाही म्हणता येतं. गाडी खासगी असेल, अ‍ॅपही खासगी असेल. पण शहरात येणाऱ्याला योग्य भाव मिळणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे, आणि ती महाराष्ट्र सरकारने आता आपल्याकडे घ्यावी.