सज्जनाच्या कमरेचं पिस्तूल

टेक्सासात स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांचा लेख यंदाच्या एका दिवाळी अंकात वाचला आणि चिवड्याचा ठसका लागला. गृहस्थ उच्चशिक्षित, भाषा नेटकी, शुद्धलेखन निर्दोष. त्यामुळे आतला वेडगळपणा अधिकच उठून दिसतो. त्यांचं म्हणणं असं: अमेरिका मोठी आहे, कारण तिथला नागरिक सशस्त्र आहे. शस्त्राचा हक्क राज्यघटनेचाच. बंदूक माणसाला मारत नाही, माणूस माणसाला मारतो. बंदूक नसली तर सुरीने मारेल, मोटारीखाली घालेल. गोळीबार करतात ते मनोरुग्ण. दुर्जनाच्या बंदुकीला उत्तर एकच, सज्जनाची बंदूक. बंदुकांची नोंद केली की सरकार उद्या त्या जप्त करणार. आणि हुकमाचा एक्का म्हणजे गांधीजी! त्यांनीही इंग्रजांच्या शस्त्रबंदीचा धिक्कार केला होता म्हणे. लेखासोबत खंडेनवमीचा फोटो आहे. पाटावर पिस्तूल, त्यावर हळदकुंकू, नळीवर झेंडूचं फूल. शेजारी पक्कड आणि पान्हा बिचारे अंग चोरून बसले आहेत.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. शस्त्राच्या हक्काची घटनादुरुस्ती 1791 ची. तिच्या एका वाक्यात आधी सुनियंत्रित लोकसेना येते, मग शस्त्र. गृहस्थांनी वाक्य मधूनच वाचायला घेतलं आहे. शस्त्र हा प्रत्येकाचा वैयक्तिक हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं ते 2008 साली, पाच विरुद्ध चार मतांनी. आणि हा हक्क अमर्याद नाही, गुन्हेगारांवर, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत बंधनं चालतील, हेही त्याच निकालात लिहून ठेवलं. ते पान गृहस्थांच्या प्रतीत नसावं. मनोरुग्ण जपानातही आहेत. लास व्हेगासला 2017 मध्ये एका माणसाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून खालच्या गाण्याच्या कार्यक्रमावर रायफली चालवल्या, साठ माणसं गेली. हे सुरीने करून दाखवावं. राहिली मोटार. वाहनपरवाना, नोंदणी आणि विमा हे तिन्ही बंदुकीलाही लावा, मी गृहस्थांच्या अर्जावर पहिली सही करतो.

आता सज्जनाकडे वळू. हा सज्जन मला फार दिवसांपासून छळतो आहे. तो कोण, त्याला दाखला कोण देतं? टेक्सासात 1 सप्टेंबर 2021 पासून पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही, म्हणजे दाखल्याचा प्रश्नच मिटला. कायद्याने बंदी नसलेला प्रत्येक जण आपोआप सज्जन. टेक्सासातल्याच युवाल्डीच्या शाळेत शिरून गोळीबार करणारा मुलगा त्या घटनेच्या आठवडाभर आधी अठराचा झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने दुकानातून रायफल घेतली. रीतसर, पैसे मोजून. बिअर मागितली असती तर दुकानदाराने एकवीस पूर्ण नाहीत म्हणून हाकलून दिला असता. 24 मे 2022 च्या सकाळपर्यंत कागदोपत्री तोही सज्जनच होता.

आणि त्या दिवशी दुसऱ्या बाजूचे सज्जन किती होते? एकूण 376. पोलीस, शेरीफचे लोक, सीमा गस्तीचे जवान, सगळे गणवेशातले, शिकलेले, हाती ढाली नि रायफली. वर्गाबाहेर 77 मिनिटं गेली. दार बहुधा कुलूपबंद नव्हतंच. साहेब किल्ल्या शोधत होते. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात एक शिपाई भिंतीवरच्या डब्यातून सॅनिटायझर घेऊन हात चोळताना दिसतो. आत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पार्कलंडच्या शाळेत 2018 साली गोळीबार झाला, तिथेही सशस्त्र अधिकारी नेमलेला होता. तो इमारतीबाहेर थांबला. शिकवलेल्या, पगारी सज्जनांची ही तऱ्हा, तर शनिवारी भाजी घ्यायला निघालेल्या आमच्या गृहस्थांकडून काय अपेक्षा ठेवायची?

बरं, सज्जनाने शौर्य दाखवलंच, तर? 2021 मध्ये कोलोरॅडोतल्या आर्व्हाडा गावी एकाने खरोखरच हल्लेखोराला टिपलं. मागून पोलीस आला, त्याला हातात बंदूक असलेला माणूस दिसला, त्याने सज्जनालाच टिपलं. सज्जनाच्या कपाळावर टिळा नसतो. त्याआधी 2016 मध्ये मिनेसोटात एका कृष्णवर्णीय माणसाची गाडी पोलिसाने थांबवली. शाळेच्या उपाहारगृहात काम करणारा, बंदुकीचा परवाना असलेला माणूस. माझ्याकडे बंदूक आहे, असं त्याने अदबीने स्वतःहून सांगितलं. पोलिसाने गोळ्या झाडल्या आणि पुढे तो पोलीस निर्दोष सुटला. बंदुकीच्या हक्कासाठी एरवी आकाशपाताळ एक करणारी मंडळी तेव्हा गप्पगार होती. सज्जनपणाला रंगही असतो, हे त्या शांततेतून कळलं.

उलट एक उदाहरण आपल्या लोकांनी तरी विसरू नये. 2017 च्या फेब्रुवारीत कॅन्सासमधल्या ओलेथच्या बारमध्ये दोन भारतीय इंजिनियरांवर परदेशी म्हणून गोळ्या झाडल्या गेल्या, एक दगावला. हल्लेखोराला अडवायला उठला तो एक गोरा तरुण. त्याला छातीत आणि हातात गोळी लागली. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतं. एका मॉलमध्ये सशस्त्र तरुणाने हल्लेखोराला आडवं केल्याची 2022 ची इंडियानातली घटना गृहस्थांनी रंगवून लिहिली आहे, आणि ती खरी आहे. तोवर तीन माणसं गेली होती, एवढंच लिहायचं राहिलं.

नोंदीच्या भीतीबद्दल. बंदूक गुन्ह्यात सापडली की ती कोणाची, हे शोधायची केंद्र सरकारची कचेरी वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. बंद पडलेल्या दुकानांची जुनी कागदपत्रं खोक्यांनी तिथे येऊन पडतात. ती स्कॅन होतात, पण नावाने शोध घेता येईल अशी बंदूकमालकांची यादी करायला कायद्याची मनाई. मग कर्मचारी पडद्यावर पान उलटतात, पुढचं पान, त्यापुढचं पान. आपल्या तलाठ्याचा सातबारा याहून लवकर निघतो. हे सरकार म्हणे रातोरात कोट्यवधी बंदुका गोळा करणार!

गांधीजींचं ते वाक्य पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या पत्रकातलं, लोकांनी इंग्रजांच्या सैन्यात भरती व्हावं म्हणून लिहिलेलं. 1878 च्या कायद्याने भारतीयाला परवान्याची अट घातली आणि गोऱ्याला सूट दिली, हा खरा सल होता. गंमत अशी की अमेरिकेतही तेच घडलं. 1967 मध्ये कृष्णवर्णीय तरुणांची एक संघटना भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरली, तेव्हा भरलेली बंदूक रस्त्यावर नेण्यावर तिथे झटपट बंदी आली. सही करणारे गव्हर्नर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि आज बंदूकप्रेमींच्या देव्हाऱ्यात आहेत.

काउबॉयांच्या काळी सगळे सशस्त्र होते, म्हणून सगळे सभ्य होते, हाही वाद या गृहस्थांच्या जातकुळीतल्या एकाने आमच्या न्यू जर्सीत गणपतीच्या पंगतीला घातला होता. भात निवला तरी थांबेना. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात 1881 साली गावात शस्त्र घेऊन फिरायलाच बंदी होती. तिथली प्रसिद्ध चकमक पेटली तीच ही बंदी मोडण्यावरून. त्याने चित्रपटाचा दाखला दिला. मी ताक मागितलं.

खटकतं ते हे, की सज्जन बंदूक बाळगणार आणि तिचं ओझं वाहणार बाकीचे. टेक्सासातल्या दुकानदाराला पिस्तूलवाले आत नको असतील तर दारावर पाटी लावावी लागते, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षर किमान एक इंच उंच. नाहीतर ती कायद्याने पाटीच नव्हे. माझ्या डॅलसच्या भाचीची मुलगी बालवाडीत आहे. शाळेत लॉकडाउन ड्रिल, म्हणजे बंदूकवाला शिरला तर लपण्याचा सराव, असते: दिवे बंद, कोपऱ्यात दाटीवाटीने बसायचं, हूं की चूं करायचं नाही. मुलीला टाचेत दिवे लुकलुकणारे बूट हवे होते. भाचीने घेतले नाहीत. अंधारात दिसतील.

मग मला हवंय काय? गृहस्थांना वाटतं तशी सरसकट बंदी नाही. ती होणार नाही आणि मी मागतही नाही. परवाना हवा आणि त्याआधी शिक्षण. रायफलीला एकवीसची अट. खरेदी आणि ताबा यांत काही दिवस. घरात मूल असेल तर बंदूक कुलपात. घरच्यांनीच कोर्टाकडे धाव घेतली तर काही काळ ती काढून घ्यायची सोय. यातलं बरंचसं काही राज्यांत आजही चालू आहे, आकाश कोसळलेलं नाही. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या. गृहस्थांच्या अख्ख्या लेखात त्यांच्याविषयी अवाक्षर नाही, कारण तिथे दुर्जन सापडत नाही आणि सज्जनाची बंदूक सज्जनावरच चालते. रागाचा किंवा निराशेचा झटका ओसरेपर्यंत ते दोन-चार दिवस आणि ते कुलूप, एवढ्यानेही त्यांतले काही वाचतील. टेक्सासात हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम त्यानंतरही नोव्हेंबरातच सुरू होईल, आणि गृहस्थांनी खंडेनवमीला पिस्तूल खुशाल पुजावं. फक्त झेंडू वाहण्याआधी गोळ्या काढल्या होत्या का, ते पुढच्या अंकात लिहावं.