ठेव कोणाची, विक्री कोणाची?



एखादं छोटं ॲप मोठ्या कंपनीने विकत घेतलं की बातमीत किमतीचा आकडा येतो आणि ते बनवणाऱ्यांचं कौतुक होतं. ज्यांनी त्या ॲपमध्ये आपलं काही ठेवलेलं असतं, त्यांचं पुढे काय होतं हे मात्र कोणी लिहीत नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे. आणि हा विषय आपल्या व्रतांच्या भाषेत जितका स्पष्ट होतो, तितका बाजाराच्या भाषेत होत नाही असं माझं मत आहे.

वंडरलिस्ट नावाचं याद्यांचं एक ॲप होतं. बर्लिनमधल्या छोट्या कंपनीने केलेलं. किराण्याची यादी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एकच दिसायची. ज्याने डाळ आणली त्याने खूण करायची. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ मध्ये विकत घेतलं, पुढे स्वतःचं दुसरं ॲप आणलं आणि ६ मे २०२० रोजी वंडरलिस्ट बंद केलं. त्याआधी, २०१९ मध्ये, मूळ संस्थापकाने ते मला परत विकत द्या असं जाहीरपणे म्हटलं होतं. तरी ते त्याला मिळालं नाही.

अमेरिकेतलं डार्क स्काय हे ॲप आपण उभे आहोत तिथे थोड्या वेळात पाऊस येणार का ते सांगायचं. ॲपलने मार्च २०२० मध्ये ते घेतलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँड्रॉइड फोनवर ते बंद झालं. २०२२ संपताना आयफोनवरही थांबलं. त्यातल्या सोयी ॲपलच्या हवामानाच्या ॲपमध्ये गेल्या, म्हणजे ज्यांच्याकडे ॲपलचा फोन नाही त्यांच्या वाट्याला काहीच उरलं नाही.

काही ॲप बंद होत नाहीत, पण बदलतात. आमच्यापैकी बऱ्याच जणी तिथी पाहायला एक छोटंसं ॲप वापरायच्या. ते विकलं गेलं आणि चतुर्दशीच्या खाली अंडा बिर्याणीची जाहिरात दिसू लागली. नव्या मालकाच्या लेखी तिथीखालची जागा ही जाहिरातीची रिकामी जागा होती.

आता हिशेबाकडे या, कारण खरी गोष्ट तिथे कळते. फेसबुकने व्हॉट्सॲप २०१४ मध्ये घेतलं. तेव्हा तिथे पन्नास-पंचावन्न माणसं कामाला होती. फेसबुकने आपल्या हिशेबात या खरेदीची किंमत सुमारे १७ अब्ज डॉलर धरली. त्यात तंत्रज्ञानाचे ३० कोटी डॉलरही नाहीत. ‘मिळालेले वापरकर्ते’ या नावाने मात्र सुमारे २ अब्ज डॉलर लिहिलेले आहेत, आणि उरलेला सर्वात मोठा भाग, १५ अब्जांहून जास्त, गुडविलच्या खात्यावर आहे.

ज्यांनी ताळेबंद शिकला आहे त्यांनी इथे जरा थांबावं. पेढीवर ज्याची ठेव असते त्याचं नाव देण्याच्या बाजूला लागतं. पेढी विकली तरी ते देणं घेणाऱ्याच्या डोक्यावर जातं. आपण ॲपमध्ये याद्या, फोटो, नातेवाइकांचे नंबर, घरातलं बोलणं ठेवतो, म्हणजे आपण ठेवीदार. पण हिशेबात आपण देण्याच्या बाजूला नाही, मालमत्तेच्या बाजूला बसलो आहोत. माझा आक्षेप नेमका एवढाच आहे.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात न्यासापहार आहे. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू. ठेवणारा नक्की किती ठेवलं ते विसरला आणि त्याने कमी मागितलं, तर “हो, तेवढंच होतं” म्हणून कमी परत देणं, असा त्याचा अर्थ टीकाकार करतात. हा दोष अचौर्याखाली न घालता सत्याखाली घातला आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण यात हात घालून काही उचलावं लागत नाही. समोरच्याच्या विसरण्याचा फायदा घेतला की झालं. पानभर अटी कोणी वाचत नाही हे माहीत असताना ‘मान्य’ हे बटण पुढे करणं याहून वेगळं कुठे आहे?

सत्याचा संबंध इथे ओढूनताणून आणलेला नाही. व्हॉट्सॲपच्या खरेदीला मान्यता घेताना, दोन्हीकडची खाती आपोआप खात्रीने जोडता येणार नाहीत, असं फेसबुकने सांगितलं होतं. ते शक्य होतं आणि कंपनीतल्या लोकांना ठाऊकही होतं, असा निष्कर्ष काढून युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड केला. आपल्या स्पर्धा आयोगानेही व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या अटींवरून मेटाला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला; ते प्रकरण पुढे अपिलात गेलं.

विकणाऱ्याला मी सरसकट दोष देत नाही. फुकट ॲप चालवायलाही सर्व्हरचं भाडं आणि माणसांचा पगार लागतोच. शिवाय विक्रीनंतर व्हॉट्सॲपची वर्गणी २०१६ मध्ये रद्द झाली, व्हिडिओ कॉल आले, परदेशातल्या नातवंडांचे चेहरे आपल्याला रोज दिसू लागले. दुकान विकायचा हक्क मालकाला आहे. दुकानात ठेवलेली दुसऱ्याची वस्तू विकायचा हक्क त्याला नाही.

म्हणून कायद्याकडून माझी एक मागणी आहे. युरोपात २०१८ पासून माणसाला आपली माहिती दुसरीकडे नेता येईल अशा रूपात परत मागता येते. आपल्या २०२३ च्या कायद्यात माहिती पुसायला सांगण्याचा हक्क आहे, पण अशी उचलून नेण्याचा नाही. ठेव जाळून टाका म्हणता येतं, परत द्या म्हणता येत नाही. हा हक्क आपल्यालाही हवा.

तोवर घरातलं आपल्या हातात आहे. गूगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केलं, तरी ज्यांनी ते संगणकावर उतरवून घेतलं होतं त्यांचं चालत राहिलं. त्यातून घ्यायचं ते घ्या. नवीन ॲप घेताना त्यातलं आपलं सगळं बाहेर काढता येतं का, ते आधी पाहा. फोटोंची प्रत घरच्या डिस्कवर ठेवा. आणि मंडळाची आहारदानाची पाळी, वर्गणीचा हिशेब, सभासदांचे नंबर वहीत लिहाच. वहीला दुसरा मालक मिळत नाही.

जय जिनेंद्र.