साचा एक, मोल अनेक

शर्यतीच्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असा सवाल काही वाचक करतील. खेळणी ती खेळणी, त्यात धंदेवाल्या माणसाने काय पाहायचे? परंतु एकाच मोटारीच्या निरनिराळ्या कंपन्यांनी केलेल्या प्रतिकृती शेजारी शेजारी मांडून पाहा. मालाची किंमत कशी ठरते, हे तेथे जितके साफ दिसते तितके आमच्या कापडाच्या गादीवरही दिसत नाही.

एक मिसाल घेऊ. रेड बुल कंपनीच्या आरबी१९ या मोटारीने २०२३ साली फॉर्म्युला वनच्या २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. या मोटारीची १/४३ मापाची प्रतिकृती बुरागोनेही काढली आणि स्पार्कनेही काढली. माप तेच, रंग तोच, लांबी तळहातात मावेल एवढीच. पण बुरागोची प्रत हजार रुपयांच्या आसपास मिळते, तर स्पार्कच्या प्रतीला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. 'हे नावाचे पैसे आहेत' असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते हे उत्तर अर्धवट आहे, आणि या अर्धवट उत्तरामुळेच आपल्या कारागिरांचे नुकसान होत आले आहे.

पन्हा पाहिल्याशिवाय भाव नको

कापडाचा जाणता गिऱ्हाईक आधी पन्हा आणि काउंट विचारतो, मग भाव. प्रतिकृतींमध्ये पन्ह्याच्या जागी प्रमाण असते. १/४३ म्हणजे खऱ्या मोटारीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाएवढी. हा विचित्र आकडा ब्रिटनमधल्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मापावरून आला. तेथे खऱ्या गाडीच्या एका फुटाला सात मिलिमीटर धरीत, आणि त्या गाड्यांशेजारी शोभतील अशा मोटारी त्याच मापात होऊ लागल्या. १/१८ ची मोटार याच्या दुपटीहून लांब असते, आणि १/६४ ची मुठीत मावते.

आता अमेरिकेची हॉट व्हील्स घ्या. १९६८ पासून या मोटारी निघत आहेत. त्यांना ढोबळमानाने १/६४ म्हणतात, पण कंपनीचा हिशेब मोटार ठरलेल्या पाकिटात बसावी असा असतो. त्यामुळे खरी मोटार लांब असो वा आखूड, छोटी मोटार जवळपास त्याच लांबीची निघते. यात फसवणूक नाही. दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारी ती मुलाच्या हातची वस्तू आहे आणि तशीच विकली जाते. पण तिला हातात धरून 'स्पार्कवाला लुटतो' असे म्हणणे म्हणजे मांजरपाट दाखवून मलमलीचा भाव पाडण्यासारखे आहे.

लाखाचा साचा आणि पन्नासाचा साचा

दुसरा फरक घडणीचा. बुरागो, आणि १९९० साली जर्मनीतील आखेन शहरात सुरू झालेली मिनीचॅम्प्स, यांनी नाव कमावले ते जस्ताच्या मिश्रधातूवर. वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरतात. हा साचा फार महाग पडतो, पण टिकतो. म्हणून हजारो नग खपणार असतील तरच हा मार्ग परवडतो. स्पार्कचा मार्ग निराळा. रेझिन हा पातळ पदार्थ रबराच्या साच्यात ओतून घट्ट होऊ देतात. साचा स्वस्त, पण थोडेच नग काढल्यावर झिजतो. कडा मात्र धारदार येतात, आणि पातळ पंखे, जाळ्या, आरसे असे भाग वेगळे करून हाताने चिकटवता येतात. त्यामुळे अमुक शर्यतीत अमुक चालकाने चालवलेली मोटार, त्या दिवशीच्या जाहिरातींसह, थोड्या संख्येत काढणे शक्य होते.

आपल्या छपाईवाल्यांना हे समजावून सांगायला नको. रोटरी छपाईला मोठा लॉट लागतो. ठशाच्या छपाईला चार ताकेही चालतात, पण प्रत्येक ताक्यावर हात फिरतो आणि त्या हाताचे दाम पडते. रेझिनमध्ये ऐबही आहेत. ऊन लागले की ते वाकू शकते, आणि त्याची दारे बहुधा उघडत नाहीत. धातूची मोटार वजनदार, मजबूत आणि मुलाच्या हाती देण्याजोगी. तेव्हा एक चांगली आणि दुसरी वाईट असे नाही. दोन्ही निराळ्या गिऱ्हाइकांसाठी आहेत.

याच वाटेने पुढे गेले की जर्मनीच्या सीएमसीच्या १/१८ मापाच्या जुन्या शर्यती मोटारी दिसतात. त्यांच्यात हजाराहून अधिक सुटे भाग असलेले नमुने आहेत, चाकांच्या तारासुद्धा हाताने ओवलेल्या. त्यापलीकडे इंग्लंडमधील ब्रिस्टलची अमाल्गम आहे. तिची १/८ ची एक प्रतिकृती आपल्याकडच्या खऱ्या मोटारीच्या भावाला जाते. असा खर्च इस्राफ आहे की नाही, हे घेणाऱ्याने आपल्या मनाला विचारावे. मला येथे हुनराची किंमत मोजायची आहे.

साचा तोच, हात बदलला

सफाईचे मोल दाखवणारी सर्वांत बोलकी गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या डिंकी कंपनीचे काही जुने साचे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला आले आणि त्यांतून 'निकी' नावाच्या मोटारी निघाल्या. साचा अस्सल इंग्लिश. पण ओतकाम खडबडीत, रंग जाड आणि कडांची घासणी अपुरी. आज संग्राहक निकी मोटारी गंमत म्हणून शोधतात हे खरे. पण त्या काळी याच साच्यातून आपणही नाव कमावू शकलो असतो. कमावले नाही, कारण शेवटच्या हातावर खर्च केला नाही.

आतली भेसळ

बाहेरची सफाई असूनही आत खोट असेल तर काय होते, ते खुद्द डिंकीनेच दाखवले. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या त्यांच्या कितीतरी मोटारींना, शर्यतीच्या मोटारींनाही, आज भेगा पडल्या आहेत. काहींचा हात लावताच भुगा होतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला की धातू वर्षानुवर्षे आतून कुजतो. विकला त्या दिवशी माल चकचकीत होता. दोष उघडा पडायला काही दशके लागली.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला दाणा दाखवणाऱ्या प्रेषितांची (स.) ती हदीस आपण सर्वांनी मदरशात ऐकली आहे. वरचा दाणा कोरडा असणे पुरेसे नसते. माप-तोलात कसर करणाऱ्यांविषयी तर कुरआनात 'अल-मुतफ़्फ़िफ़ीन' नावाची स्वतंत्र सूरहच आहे. हा आपला वारसा असताना मालाच्या लेबलावर खरे लिहिण्याची शिकवण आपण परक्यांकडून का घ्यावी?

नावाचा परवाना

'नावाचे पैसे' या म्हणण्यात तथ्य आहे तेवढे परवान्यापुरते. बुरागो मूळची इटलीची, फेरारीही इटलीचीच. तरीही १९९९ साली फेरारीचा परवाना अमेरिकेच्या मॅटेलकडे गेला आणि बुरागोच्या हातून तिचा सर्वांत चालणारा माल निसटला. २००५ साली कंपनी बुडाली आणि हाँगकाँगच्या मे चॉंग समूहाने ती घेतली. २०१५ पासून फेरारीचा परवाना याच समूहाकडे आला. साचे, कारागिरी आणि बाजार सारे असूनही दुसऱ्याच्या नावावर उभे राहिलेले दुकान एका सहीने बंद पडू शकते.

याला दुसरी बाजूही आहे. १९८८ साली १६ पैकी १५ शर्यती जिंकणाऱ्या मॅक्लारेन एमपी४/४ वर सिगारेटची जाहिरात होती. तिच्या अनेक प्रतिकृतींवर ते अक्षर छापतच नाहीत. काही शौकीन ती अक्षरे वेगळी मिळवून चिकटवतात. हुबेहूबपणापेक्षा तंबाखूची जाहिरात टाळणे मोठे, असे ठरले तरी धंदा चालला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपण काय घ्यावे

भारताने परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ साली ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट देण्यात आली. म्हणजे देशी हाताला जागा मिळाली आहे. पण शुल्काची भिंत गिऱ्हाईक आणून देते, टिकवून ठेवत नाही. ते सफाईच टिकवते.

बंधूंनो, आपल्याकडे घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री शेवटच्या हातावर चालते. पितळेच्या कामात पॉलिशवाल्यावर, कपड्यात धागे कापणाऱ्या आणि घडी घालणाऱ्या बाईवर, लाकडात रंगाऱ्यावर. नगामागे रुपया वाचतो आणि माल एक पायरी खाली उतरतो. मग तोच कारागीर मुलाला या धंद्यात आणत नाही, आणि आपण मात्र 'हुनर संपला' म्हणून हळहळतो.

स्वस्त माल विकण्यात कमीपणा नाही. दोनशेची मोटार दोनशेची म्हणून विकणाराही इमानदारच. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक नगावर माप, माल आणि बनवणाऱ्या गावाचे नाव खरे लिहावे, हलका माल भारी म्हणून खपवू नये, आणि शेवटच्या हाताची मजुरी घासाघिशीच्या बाहेर ठेवावी. बरकत देणारा अल्लाह आहे. मजुरी देणे मात्र आपल्याच हाती आहे.