कर्ज देणाऱ्यालाच घाई का?



आमच्या पाड्यावर एका म्हाताऱ्याच्या घरी बँकेची नोटीस आली. कशाची? तर म्हशीच्या कर्जाची. म्हैस मरून चार वर्षं झाली. तेव्हा कान कापून विम्याचा बिल्ला जमा केला, पण विम्याचा पैसा काही आला नाही. व्याज मात्र चढत राहिलं. म्हातारा म्हणतो, "मी कुठं मागायला गेलो होतो? तेच आले होते दारात."

या बोलण्यावर सगळ्यांनी विचार करावा. गरजू माणूस देणाऱ्याच्या दारी जातो, ही जगाची रीत. इथं देणाराच डोंगर चढून आला. का?

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० पासून सगळ्या तालुक्यांत आला. दर वर्षी दर तालुक्यात ६०० कुटुंबं, असं उद्दिष्ट. आदिवासीला अर्धी रक्कम सबसिडी, अर्धी कर्ज. गरिबाला उभं करायचं म्हणून योजना आली, हे खरं. पण मार्चच्या आत आकडा भरायचा म्हटल्यावर माणूस मागं पडला. उन्हाळ्यात चारा कुठून आणणार? दूध कोण घेणार? डेअरी किती कोसांवर? कोणी विचारलं नाही. दलालानं आटलेली म्हैस गळ्यात मारली. कुठं कुठं तर एकच म्हैस तीन घरांच्या कागदावर! दलालाला कमिशन मिळालं, साहेबाचा आकडा भरला. आपल्या हातात दावं आणि नोटीस.

आपल्या आजा-पणज्यांनी याचंच दुसरं रूप पाहिलं. डहाणू-उंबरगावकडं सावकार लग्नाला पैसे द्यायचा आणि नवरा-बायको त्याचे लग्नगडी व्हायचे. जन्मभर राबायचं, हिशोब कधी फिटायचाच नाही. कारण सावकाराला पैसे परत नकोच होते. त्याला माणूस पाहिजे होता, जमीन पाहिजे होती. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावच्या परिषदेत वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी बंद करायचं ठरवलं, तेव्हा ही गाठ सुटायला लागली.

सावकार आणि बँक एक नाहीत. बँक कोणाला वेठीला धरत नाही. पण पाप एकाच ठिकाणी उगवतं. समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्याकडून काय मिळेल तेवढंच दिसतं. सावकाराला हात दिसले, दलालाला कमिशन, साहेबाला आकडा. आणि कर्ज बुडालं तरी त्यांच्या चुलीवरची हंडी रिकामी राहत नाही.

आषाढात शेजारी आपल्याला पायलीभर भात उसनं देतो. तो काही संत नाही. पण आपलं शेत केवढं, घरात खाणारी तोंडं किती, हे त्याला ठाऊक असतं. आपलं पीक गेलं तर त्याच्याही कणगीला खड्डा पडतो. म्हणून तो बघून देतो, आपणही आठवणीनं परत करतो. "आदिवासी कर्जबुडवे" म्हणणाऱ्यांनी हे उसनं एकदा येऊन बघावं.

आता आपलंही बोलू. पाड्यापाड्यावर अंगठे गोळा करत कोण फिरलं? आपलीच पोरं, पन्नास-पन्नास रुपयांसाठी. "सरकारी पैसा आहे, कोण फेडतो?" असं आपल्यातलेच म्हणाले ना? लोभ काही फक्त तालुक्याच्या गावी राहत नाही.

मग करायचं काय? २४ डिसेंबर १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा आहे. आदिवासींना कर्ज देणाऱ्या सावकारीवर लक्ष ठेवण्याचा अधिकार त्यात ग्रामसभेला आणि पंचायतीला सांगितला आहे. तो कागदावर ठेवू नका. बँकेच्या कर्जाबाबतही ग्रामसभेत चार प्रश्न विचारायला कोण अडवतो? कर्ज कशासाठी? फेडायचं कशातून? गुरू मेलं, पीक गेलं तर तोटा कोणाचा? मधला माणूस किती घेतो? उत्तर मिळेपर्यंत अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

ज्यांच्या घरी नोटिसा आल्या त्यांनी एकेकट्यानं घाबरून कोंबड्या-बकऱ्या विकू नयेत. नोटिसा, पासबुकं, विम्याचे कागद घेऊन पुढच्या बैठकीला या. बँकेत सगळे मिळून जाऊ. कर्ज कसं दिलं, याचा हिशोब आधी मागू.

जिंदाबाद!