झोपेचा हिशेब कोणाच्या नावे?

मनगटावरील पट्टी माणसाची झोप मोजते, असा तिच्या विक्रेत्यांचा दावा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या फलाटांवर पहाटेच्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीतही अशा पट्ट्या आता दिसतात. सकाळी मोबाईलच्या पडद्यावर झोपेचे गुण उमटतात. गुण कमी पडले की लवकर निजण्याचा उपदेश येतो. हा उपदेश कोणाला केला जातो आणि त्यातून कोण सहीसलामत सुटते, हे कार्यकर्त्यांनी तपासले पाहिजे.

पट्टीत मुख्यतः दोन साधने असतात. एक मनगटाची हालचाल टिपते. हालचाल बराच वेळ थांबली की माणूस झोपला असे धरले जाते. दुसरे कातडीवर हिरवा प्रकाश टाकते. प्रत्येक ठोक्यासरशी रक्त वाढते-उतरते, त्याप्रमाणे परतणारा प्रकाश कमी-अधिक होतो व त्यावरून नाडी मोजली जाते. गाढ झोप किती, स्वप्नावस्थेतील किती, हा पुढचा सारा गणिती आडाखा. झोपेची खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. तेथे डोक्याला तारा लावून मेंदूतील विद्युत्लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण नोंदवितात, आणि रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तपासतात. मनगटाला मेंदू दिसत नाही. म्हणून झोप ओळखण्यात ही यंत्रे बरी असली, तरी जागेपण ओळखण्यात कच्ची आहेत. कर्जाच्या हप्त्याच्या चिंतेने आढ्याकडे पाहत निश्चल पडलेला माणूस त्यांच्या लेखी झोपलेलाच असतो!

उलट प्रकारही घडतो. बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथचा प्रवासी आधी उलटा बदलापूरला जातो आणि त्याच गाडीने मुंबईकडे निघतो. त्या बाकावरची डुलकी ही त्याच्या विश्रांतीचा मोठा भाग; पण धावत्या गाडीच्या हादऱ्यांत मनगट हलत राहते, आणि ती डुलकी बहुधा नोंदीत येतच नाही. काही यंत्रे तर तीन तासांहून कमी झोपेचे टप्पे दाखवीतच नाहीत. रात्रपाळी करून दिवसा पत्र्याखाली तुकड्यातुकड्याने निजणारा आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील कामगार या आडाख्यांच्या कल्पनेतच नसतो.

परंतु यंत्र उद्या अचूक झाले, म्हणून मूळ प्रश्न सुटणार नाही. बदलापूर ते मुंबई सुमारे 68 किलोमीटर. लोकलला साधारण दीड तास. दोन्ही टोकांचे चालणे-थांबणे धरले की जाण्यायेण्यात चार तास जातात. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांत दिवसाचे काम नऊवरून दहा तास आणि कारखान्यांत नऊवरून बारा तास करण्यास मंजुरी दिली. कारखान्यांतील जादा कामाची तिमाही मर्यादाही 115 तासांवरून 144 वर नेली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे समर्थन केले जाते. घरभाडे थकलेल्या माणसाची संमती किती स्वतंत्र असते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि नगावर मजुरी घेऊन उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्याला तर संमती विचारण्याचीही गरज कोणाला भासत नाही.

दहा तास काम, चार तास प्रवास, उरले दहा. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, पुरुष 88. स्त्रियांच्या सरासरीत गृहिणीही आहेत, नोकरदार स्त्रीचा आकडा काहीसा उतरेल. तरी तिच्या पदरी सहा तासांची झोप येणे कठीण. तिला 'लवकर निजा' सांगणे ही शुद्ध थट्टा आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. त्यात रविवारची सुटी होती, दुपारची अर्धा तास विश्रांती होती, कामाची वेळ साडेसहा ते सूर्यास्त अशी बांधून मागितली होती. कामगार थकतो हा त्याच्या सवयींचा दोष, असे लोखंड्यांनी मानले नाही; 1890 मध्ये रविवारची सुटी मिळाली ती त्यामुळेच. पट्टीची भाषा नेमकी याच्या उलट आहे. मालकाने आणि रेल्वेने घेतलेले तास ती कामगाराच्याच खाती तूट म्हणून लिहिते, आणि ती नोंद कंपनीच्या संगणकात जाते. काही विमा कंपन्या चाललेल्या पावलांवर हप्त्यात सवलत देतातच; झोपेच्या गुणांवर ती देण्या-नाकारण्यास फार उशीर लागणार नाही.

कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गाला 2019 मध्ये मंजुरी मिळाली. 2025 संपत आले तरी काम चालूच होते. तिन्ही शहरांतील शाखांनी महिनाभर साध्या वहीत नोंद ठेवावी: घर किती वाजता सोडले, कामावर किती तास गेले, गाडी किती उशिरा आली, पाठ किती वाजता टेकली. ती वही कामगार आयुक्तांच्या आणि रेल्वे व्यवस्थापकांच्या टेबलावर नेऊन ठेवावी, आणि उत्तर लेखी मागावे.